सासूबाईंची सिरिंज खंडूला नको

पत्र:

आमचा खंडू दहा वर्षांचा, नसबंदी केलेला बोका. चांगला सात किलोचा होता. मे महिन्यापासून त्याचं पाणी पिणं वाढलं. वाटी संपवून बाथरूममधल्या बादलीत तोंड घालायचा, आणि ट्रेमधली वाळू दिवसातून दोनदा बदलावी लागायची. खाणं दुप्पट, तरी वजन साडेपाच किलोवर आलं. आता मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालतो, ओट्यावर उडी मारता येत नाही. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी डायबेटिस असल्याचं सांगितलं. ग्लार्जिन इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ एकेक युनिट लिहून दिलं आहे, दहा दिवसांनी बोलावलंय. सासूबाईंनाही डायबेटिस आहे. त्या म्हणतात, घरात इन्सुलिन आहे, सिरिंज आहेत, वेगळं कशाला आणायचं? शेजारच्या काकू कारल्याचा रस पाजायला सांगतात. एकांनी तर 'कशाला त्याचे हाल, झोपवून टाका' असंही सुचवलं. मिस्टर सकाळी सातची लोकल पकडतात, मी शाळेत शिकवते. गणपतीत पाच दिवस कुडाळला जावंच लागतं. आणि मनात सारखं येतं, रोज दूध-पोळी मीच घालत होते. माझ्यामुळेच झालं का हे?
– खंडूची आई, डोंबिवली

उत्तर:

ताई, बाकीचे प्रश्न थांबू शकतात. सिरिंजचा थांबू शकत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सासूबाईंची इन्सुलिनची बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. बहुतेक त्यावर 40 हा आकडा असेल. आपल्याकडे माणसांसाठी मिळणारी बरीच इन्सुलिन अजूनही या ताकदीची असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपीची. खंडूला लिहून दिलेलं ग्लार्जिन एका मिलिलिटरमध्ये 100 युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज केशरी टोपीची. आता सासूबाईंची लाल टोपीची सिरिंज घेऊन तुम्ही ग्लार्जिन '1' च्या रेघेपर्यंत भरलंत, तर खंडूच्या अंगात एक नाही, अडीच युनिट जाईल. माणसाला दीड युनिटचा फरक फारसा जाणवणारही नाही. साडेपाच किलोच्या बोक्याची शुगर त्याने धोकादायक खाली जाऊ शकते. टोपीच्या रंगावरही पूर्ण विसंबू नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे प्रत्येक नवं पाकीट उघडताना पाहा. खंडूच्या सिरिंज वेगळ्या डब्यात, वेगळ्या खोलीत ठेवा. एका घरात दोन पेशंट असले की गडबड औषधांच्या अदलाबदलीत होते, आणि तीही सकाळी डोळ्यांवर झोप असताना.

मेडिकलमधून 100 युनिटची, 0.3 मिलिलिटरची सिरिंज मागवा. तिच्यावर अर्ध्या युनिटच्या रेघा असतील तर फारच उत्तम. दुकानात लगेच मिळेलच असं नाही, आधी सांगून ठेवावं लागेल. इन्सुलिनचं पेन सोपं वाटतं, पण बहुतेक पेनांत अर्धा युनिट मोजता येत नाही आणि मांजराचा डोस अर्ध्या-अर्ध्या युनिटने हलतो.

सासूबाईंचं इन्सुलिन तर खंडूला द्यायचंच नाही. ते बहुधा मिश्र प्रकारचं असेल, आणि त्याचा चढ-उतार मांजरात फार वेगळा होतो. त्यांच्या गोळ्यांच्या डबीलाही हात नको. मेटफॉर्मिनचा मांजरांना उपयोग होत नाही. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्यांबद्दल तुम्ही कुठेतरी वाचाल. त्याच घराण्यातली दोन औषधं अमेरिकेत मांजरांसाठी मंजूर झाली आहेत, एक डिसेंबर 2022 मध्ये आणि दुसरं 2023 मध्ये. पण ती निवडक, बाकी तब्येत ठणठणीत असलेल्या मांजरांसाठी आहेत, रक्त तपासून आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून द्यायची. माणसांची गोळी तोडून द्यायचा तो मामला नाही.

कारल्याच्या रसावर वेळ घालवत नाही. जबरदस्तीने कडू रस पाजलात तर खंडू तोंडाला फेस आणेल, आणि पुढे तुम्ही वाटी घेऊन आलात की पलंगाखाली पळेल. ज्याने वेळेवर जेवणं हाच निम्मा उपचार आहे, त्याच्या मनात जेवणाची वाटी आणि तुमचा हात यांची धास्ती बसवायची नाही. काकूंना चहाला बोलवा, रस त्यांनाच द्या.

आता दूध-पोळी. मांजराला गोड चवच कळत नाही, त्या चवीचं जनुक त्यांच्यात निकामी झालेलं आहे. तेव्हा खंडू गोडाच्या हौसेने बिघडला, असं काही नाही. पण दूध-पोळी, दूध-भात आणि दिवसभर भरलेली कोरड्या खाण्याची वाटी यांतून पिष्ट, म्हणजे कार्बोहायड्रेट, खूप जातं, वजन वाढतं, आणि वाढलेल्या वजनाच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही. नसबंदी केलेला, घरातच राहणारा, मध्यम वय उलटलेला जाड बोका हा या आजाराचा अगदी नेहमीचा पेशंट. तुमचा वाटा असलाच तर इतकाच, आणि तो महाराष्ट्रातल्या निम्म्या मांजरवाल्या घरांचा असेल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण एक विचारतो: गेल्या वर्षभरात खाजेसाठी किंवा हिरड्या सुजल्या म्हणून त्याला स्टेरॉइडचं, महिनाभर असर राहणारं इंजेक्शन दिलं होतं का? त्याने मांजरांत डायबेटिस उघडा पडू शकतो. जुनी फाइल काढून बघा आणि डॉक्टरांना दाखवा. यापुढे कुठल्याही दवाखान्यात पाऊल ठेवलंत की पहिलं वाक्य 'याला डायबेटिस आहे' हेच.

झोपवण्याचा सल्ला देणाऱ्यांना नमस्कार सांगा. मांजरांच्या डायबेटिसची एक गंमत आहे, जी माणसांत इतक्या सहज दिसत नाही. लवकर आणि नीट इन्सुलिन सुरू झालं, खाणं बदललं, तर बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुटतं. सगळ्यांचं नाही, आणि सुटलेलं परत लागूही शकतं. पण त्या वाटेची पहिली पायरीच तुम्ही अजून चढला नाहीत, एवढ्यात निकाल कसला लावायचा? ते टाचा टेकवून चालणंसुद्धा जास्त शुगरने पायांच्या नसांना झालेल्या त्रासाचं लक्षण आहे. शुगर ताब्यात आली की अनेक मांजरांचं ते हळूहळू सुधारतं. तोवर ओट्याजवळ एक स्टूल ठेवा, दोन टप्प्यांत चढेल.

टोचण्याला तुम्ही घाबरताय, हे पत्रात लिहिलेलं नसलं तरी कळतं. इन्सुलिनची सुई केसासारखी बारीक असते आणि मांजराच्या मानेवरची, खांद्यामागची, कुशीवरची कातडी सैल असते. खंडू वाटीत तोंड घालून बसला की चिमटीत कातडी उचला, खाली जो छोटा तंबू होतो त्याच्या तळाशी सुई आत घाला, दट्ट्या दाबा, बाहेर काढा. बहुतेक मांजरं वाटीतून मान वर करत नाहीत. जागा रोज थोडी बदला. फक्त मानगुटीवरच टोचत राहिलात तर तिथली कातडी जाड होऊन औषध नीट शोषलं जाणार नाही. आधी सलाइनच्या पाण्याने संत्र्यावर दोन-चारदा हात बसवा, आणि पहिलं इंजेक्शन डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने द्या. त्यांनी दिलेलं बघून येऊ नका.

कधीतरी सुई कातडीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर येईल आणि केस ओले होतील. किंवा तो ऐनवेळी उसळेल आणि किती आत गेलं ते कळणार नाही. किंवा सकाळच्या घाईत मिस्टरांनी दिलं की नाही यावरून तुमची जुंपेल. तिन्हींचं उत्तर एकच: पुन्हा टोचायचं नाही. एक डोस बुडाला तर बारा तास शुगर चढलेली राहील, बिघडणार काही नाही. एक डोस दोनदा गेला तर रात्री जिवावर बेतू शकतं. फ्रिजच्या दारावर कागद चिकटवा, टोचून झालं की त्याच क्षणी सही आणि वेळ. सही नसेल तर आधी फोन करून खात्री, मगच सुई.

हे मी जरा लावून धरतो, कारण नव्या घरांत सगळ्यांचं लक्ष वर गेलेल्या आकड्यावर असतं. 350 दिसलं की जीव घाबरतो. खंडू कित्येक आठवडे त्याच आकड्यांत वावरत होता, अजून चार दिवस वावरला तर ते त्याला झेपेल. खाली गेलेली शुगर मात्र तासाभरात घात करते. सुईनंतर साधारण चार ते आठ तासांनी शुगर सगळ्यात खाली असते, म्हणजे तुमच्याकडे दुपारी आणि मध्यरात्री. तेव्हा खंडू अचानक हावऱ्यासारखा खायला मागू लागला, झोकांड्या खाऊ लागला, थरथरला, नजर हरवल्यासारखी वाटली, तर मीटर शोधत बसू नका. शुद्धीवर असेल तर खायला घाला. पडला असेल किंवा झटके येत असतील तर मध किंवा ग्लुकोजच्या पावडरची दाट पेस्ट बोटाने हिरड्यांना चोळा, फार झटके असतील तर बोट दातांत जाणार नाही इतपत. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पाणी, सरबत काही ओतायचं नाही, फुप्फुसात जातं. मग थेट दवाखाना. मध चोळल्यावर तरतरी आली म्हणून घरी थांबू नका, कारण टोचलेलं इन्सुलिन अजून काम करतच असतं. पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही.

दुसरं टोक असं: खंडू जेवत नाही, उलट्या करतो, मलूल पडून राहतो, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. तो सकाळपर्यंत थांबायचा विषय नाही. डोंबिवली-ठाण्यात रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कोणता, हे आज शोधून ठेवा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तुम्हाला माहीत असेलच, तिथेही फोन करून वेळा विचारून ठेवा.

सासूबाईंचं ग्लुकोमीटर वापरायला माझी हरकत नाही, सुई मात्र खंडूची वेगळी. माणसांचं मीटर मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. मांजरांसाठीचं वेगळं मीटर मिळतं, ते घेतलंत तर चांगलंच. पण आहे तेच वापरणार असाल तर कायम तेच ठेवा आणि आकडे कुठल्या मीटरचे आहेत ते डॉक्टरांना सांगा. रक्ताचा थेंब कानाच्या कडेने मिळतो. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने कान गरम करा, मागे कापूस धरा आणि कडेच्या शिरेलगत टोचा. पहिले काही दिवस थेंब येणार नाही, खंडू वैतागेल, तुम्हीही. प्रत्येक वेळी लगेच बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. मग तो मीटरचा आवाज ऐकून स्वतःच येऊन बसेल, अशी मांजरं मी खूप पाहिली आहेत.

रोज सुईआधी एकदा मोजा. या सुरुवातीच्या दिवसांत आकडा 200 च्या खाली आला, तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन. त्यांनी सांगितल्याशिवाय डोस वाढवायचा नाही, मग आकडा कितीही असो. ग्लार्जिनला शरीरात जम बसवायला काही दिवस लागतात, म्हणून डॉक्टरही साधारण आठवडाभर थांबून अर्धा-एक युनिट हलवतात. दवाखान्यात गाडीत बसून गेलेल्या, कुत्र्यांचं भुंकणं ऐकलेल्या मांजराची शुगर नुसत्या भीतीने 300 पर्यंत चढू शकते. तिथल्या एका आकड्यापेक्षा तुमच्या घरातली वही जास्त खरं बोलते. डॉक्टर फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी सांगतील, ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी दाखवते. नाही म्हणू नका.

वहीत फक्त शुगर नको. दिवसाला पाणी किती प्यायला ते मापी भांड्याने भरून आणि उरलेलं मोजून लिहा. किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त म्हणजे खूप. खंडूच्या बाबतीत तो आकडा साधारण अर्धा लिटर होतो. बादलीवर झाकण ठेवा, नाहीतर हिशेब चुकतो. आठवड्यातून एकदा त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, मग एकट्या उभ्या राहा. ट्रेमधले गोळे मोजा. पाणी उतरलं, वजन थांबलं आणि अंग चाटून साफ ठेवायला लागला, की समजा गाडी रुळावर आली. उलट, डोस वाढवत जाऊनही काहीच हलत नसेल, तर दात, हिरड्या आणि लघवी तपासायला सांगा. कुठे जंतुसंसर्ग दडला असेल तर इन्सुलिन चालत नाही.

खाण्यात घाई करू नका, आणि हे डॉक्टरांना सांगूनच करा. पिष्ट कमी केलं की इन्सुलिनची गरजही उतरते, कधीकधी फार झटकन. डोस तोच ठेवून खाणं बदललंत, तर वर सांगितलेलं खाली जाणं तुम्ही स्वतःच ओढवून घ्याल. लक्ष्य असं ठेवा की प्रथिनं भरपूर आणि एकूण कॅलरीतलं पिष्ट साधारण 12 टक्क्यांच्या आत. कोरड्या खाण्याच्या पाकिटावर पिष्टाचा आकडा छापत नाहीत, तो काढावा लागतो. समजा प्रथिनं 32, चरबी 12, तंतू 4, ओलावा 10, राख (म्हणजे खनिजं) 8. बेरीज 66. उरलेले 34 टक्के पिष्ट. हे वजनातले टक्के, पण कॅलरीत मोजलं तरी ते 12 च्या कितीतरी वर जातं. शाळेत शिकवता, तुम्हाला हे गणित सांगायला नको. म्हणून डबाबंद ओलं खाणं बरं, आणि डायबेटिससाठीचं वेगळं खाणंही मिळतं. नुसत्या उकडलेल्या चिकनवर मात्र त्याला ठेवू नका, त्यात कॅल्शियम आणि बाकी गोष्टी पुरत नाहीत. मासे चालतील, ताजे, उकडलेले, मिठाशिवाय. सुकट नको. कांदा-लसूण घातलेल्या रश्श्याचा थेंबही नको, तो मांजराला विषारी असतो.

जुन्यात नवं मिसळत आठ-दहा दिवसांत बदला. अडून बसला आणि दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर 'भूक लागली की खाईल' ही आजीची शिस्त इथे लावू नका. जाड मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून वेगळंच संकट उभं राहतं. त्या दिवशी जुनं खाणं परत द्या आणि डॉक्टरांना विचारून डोस ठरवा. जेवण न करता पूर्ण डोस, असं कधीच नाही.

इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. एकदा गोठलं की फेकायचं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं किंवा कण तरंगले तर संपलं. बाटली हलवायची नाही. कंपनीचं लेबल उघडल्यावर 28 दिवस म्हणतं. खंडूला दिवसाला दोनच युनिट लागणार, त्यामुळे जीव तुटेल, पण किती दिवस वापरायचं ते डॉक्टरांना विचारून त्या तारखेची चिठ्ठी बाटलीवर लावा. वापरलेली सुई पुन्हा वापरायची नाही, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात मोकळी टाकायची नाही. जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवा, झाकण टेपने बंद करा. सोसायटीचा घरगुती घातक कचरा वेगळा जात असेल तर त्यात द्या, नाहीतर तुमच्या डॉक्टरांकडे नेऊन द्या.

वेळेचं म्हणाल तर साडेसहा आणि साडेसहा ठेवा. सकाळी मिस्टरांनी लोकल पकडण्याआधी एक मोजेल, दुसरा टोचेल. संध्याकाळी तुम्ही. अर्धा-एक तास इकडेतिकडे झाला तर चालतं, मध्य रेल्वेच्या भरवशावर याहून कडक वेळापत्रक मी तुम्हाला सांगणारही नाही. दोघांनाही दोन्ही कामं आली पाहिजेत, आणि सासूबाईंना शिकवा असंही म्हणेन. वर्षानुवर्षं स्वतःला टोचून घेणाऱ्या बाईचा हात तुमच्यापेक्षा स्थिर असेल. फक्त खंडूच्या डब्यातल्या सिरिंजवरचा आकडा त्यांच्याकडून दोनदा वाचून घ्या.

कुडाळला यंदा खंडूला नेऊ नका. दहा-अकरा तासांचा प्रवास, अनोळखी घर, ढोल-ताशे, फटाके, पाहुण्यांचा राबता आणि पायाखाली मोदकाचे तुकडे, यात शुगर कुठे जाईल याचा नेम नाही. गणपतीला अजून वेळ आहे. तुमच्या दवाखान्यात मांजरं ठेवून घेतात का ते पाहा, किंवा इमारतीत सुईला न घाबरणारं कुणी असेल, नर्सिंगचं शिक्षण घेणारी एखादी मुलगी, तर तिला आतापासून आठवड्यातून दोनदा बोलवा. तुमच्यासमोर टोचू दे, वही भरू दे, खंडूला तिची सवय होऊ दे. काहीच जमलं नाही, तर पहिल्या दिवशी प्रतिष्ठापनेला एकाने जायचं आणि विसर्जनाला दुसऱ्याने. गावातले लोक चार शब्द बोलतील, त्यांना सांगा की घरात पेशंट आहे.